रिपोर्ट हिरवा आहे, भिया!

युनिट टेस्ट, म्हणजे कोडचा एकेक तुकडा तपासणारा छोटा कोड, लिहिणं हे काम आहे. त्या टेस्टांवर लक्ष ठेवणारा लिसनर लिहिणं हे व्रत आहे, आणि त्याचं उद्यापन कधी होईल ते कुणी सांगत नाही. सांगताना मात्र सगळं सोपं वाटतं: टेस्ट सुरू झाली, संपली, आपटली किंवा वगळली गेली, की फ्रेमवर्क, म्हणजे टेस्ट चालवणारं तयार साधन, आपल्या क्लासमधली ठरलेली मेथड बोलावतं. तिच्यात वेळ मोजा, लॉग लिहा, टीमच्या ग्रुपवर निरोप टाका. आमच्या इंदुरात सुपर कॉरिडॉरवरच्या ऑफिसांत असलं काम ‘अर्ध्या तासाचं तर आहे’ म्हणून शुक्रवारी चारनंतरच गळ्यात पडतं. छप्पन दुकान या खाऊच्या बाजारात जायचा बेत ठरल्यावर.

पहिला छळ नोंदणीचा. जावाच्या जेयुनिट ५ या फ्रेमवर्कमध्ये टेस्टएक्झिक्यूशनलिसनर हा इंटरफेस इम्प्लिमेंट करायचा. तो प्लॅटफॉर्म लाँचरच्या जारमध्ये (जावाच्या लायब्ररी फाइलमध्ये) असतो, त्यामुळे ती डिपेंडन्सी हवीच. मग टेस्टच्या रिसोर्सेसमध्ये मेटा-इन्फ फोल्डर, त्यात सर्व्हिसेस फोल्डर आणि त्यात एक फाइल. फाइलचं नाव म्हणजे त्या इंटरफेसचं पॅकेजसकट पूर्ण नाव, शेपटीला डॉट टीएक्सटी लावायचं नाही. आत एका ओळीत आपल्या क्लासचं पूर्ण नाव. क्लासला बिनपॅरामीटरचा पब्लिक कन्स्ट्रक्टर पाहिजे. आता गंमत बघा. आतलं नाव चुकलं तर जावा सर्व्हिसकॉन्फिगरेशनएरर फेकून गळा काढते. बाहेरचं नाव चुकलं तर चिडीचूप. कुणी विचारतसुद्धा नाही की हा लिसनर कोणाचा. त्यातही खट्याळपणा फोल्डरचा: आयडीईत, म्हणजे कोड लिहायच्या एडिटरमध्ये, ‘मेटा-इन्फ डॉट सर्व्हिसेस’ असं एका दमात टाइप केलं, तर एकात एक दोन फोल्डर होण्याऐवजी त्या लांबलचक नावाचं एकच फोल्डर तयार होऊ शकतं, आणि डाव्या बाजूच्या झाडात ते अगदी बरोबर असल्यासारखं दिसतं. टर्मिनल उघडून एलएस मारावं, डोळ्यांवर विश्वास ठेवू नये.

लिसनर एकदाचा चालू लागला की त्याचा अधिकार समजून घ्यावा लागतो. रामबागेतल्या एखाद्या घराच्या ओट्यावर बसलेले काका जसे कोण आलं, कोण गेलं, कोणाच्या पिशवीत काय आहे हे सगळं टिपतात, पण कोणाला अडवू शकत नाहीत, तसा हा प्राणी. नापास टेस्ट तो पास करू शकत नाही. टेस्टमध्ये हात घालायचा असेल तर एक्स्टेन्शन, म्हणजे टेस्टच्या चालण्यात भाग घेणारा क्लास, लिहावं. आणि टिपता टिपता काकांनाच भोवळ आली तर? जेयुनिट ५ लिसनरचं एक्सेप्शन (चालताना उडालेली चूक) गिळतं, लॉगमध्ये इशाऱ्याची एक ओळ टाकतं आणि पुढे निघून जातं. जेयुनिट ४ चा रनलिसनर याहून कडक: लिसनरने फेकलेलं एक्सेप्शन नापास म्हणून बाकीच्या लिसनरना कळवलं जातं. काकांची भोवळ सगळ्या गल्लीला कळते. जेयुनिट ५ मध्ये मात्र बिल्ड (कोड बांधून टेस्ट चालवायचं काम) आपलं हिरवं.

मोजदाद हे वेगळं प्रकरण. एका क्लासमध्ये दहा टेस्ट आहेत आणि ‘सुरू झाली’ या मेथडला बारा वेळा हाक येते, कारण इंजिन (टेस्ट प्रत्यक्ष चालवणारा भाग) आणि क्लास हेही कंटेनर म्हणून मोजले जातात. शहाणा माणूस लगेच ‘इज-टेस्ट’ची चाळणी लावतो, आणि खरा घात तिथेच होतो. बिफोर-ऑलमध्ये, म्हणजे क्लासमधल्या सगळ्या टेस्टांआधी एकदा चालणाऱ्या मेथडमध्ये, डेटाबेस जोडताना एक्सेप्शन आलं की नापास होतो तो क्लासचा कंटेनर. आतल्या दहा टेस्ट सुरूच होत नाहीत, त्यांच्याबद्दल लिसनरला काही कळवलं जात नाही. चाळणीने कंटेनर गाळलेला, त्यामुळे ग्रुपवर निरोप जातो: नापास शून्य. ‘रिपोर्ट हिरवा आहे, भिया!’ म्हणून लोक पोहे खायला उठतात, आणि इकडे बिल्ड चालवणारं मेव्हन की ग्रेडल जे असेल ते लाल तोंड करून बसलेलं. म्हणून पास झालेल्या मोजताना चाळणी लावा. नापास मोजताना कंटेनरही धरा.

डिसेबल्ड, म्हणजे मुद्दाम बंद ठेवलेल्या, क्लासचंही असंच. वगळल्याची हाक फक्त कंटेनरसाठी एकदा येते, आतल्या लेकरांसाठी येत नाही. खरा आकडा हवा तर सुरुवातीला मिळालेला टेस्टप्लॅन जपून ठेवायचा आणि त्याच्याकडून त्या कंटेनरची वंशावळ मागायची. पॅरामीटराइज्ड टेस्टच्या (वेगवेगळ्या डेटावर चालणाऱ्या एकाच टेस्टच्या) आवृत्त्या मात्र ऐन वेळी जन्मतात, त्या या वंशावळीत सापडायच्या नाहीत.

स्क्रीनशॉटचा मोह तर प्रत्येकाला होतो. टेस्ट आपटली की लिसनरमधून ब्राउझरचा फोटो काढू, असं वाटतं. पण ‘संपली’ ही हाक आफ्टर-ईच, म्हणजे प्रत्येक टेस्टनंतरची आवराआवर, उरकल्यावर येते, आणि आफ्टर-ईचने ब्राउझर बंद करून टाकलेला असतो. जेयुनिट ५.४ पासून आलेला, टेस्टचा निकाल कळवणारा टेस्टवॉचरही याच रांगेत, आफ्टर-ईचच्या मागे. फोटो काढायची जागा म्हणजे आफ्टर-टेस्ट-एक्झिक्यूशन कॉलबॅक; तो टेस्ट मेथड आणि आफ्टर-ईच यांच्या मधोमध चालतो, आणि एक्सेप्शन आलंय का हे कॉन्टेक्स्टला विचारता येतं.

टेस्ट-एनजी या जावाच्याच दुसऱ्या फ्रेमवर्कवाल्यांनी हसू नये. त्यांच्याकडे लिसनर्स ॲनोटेशन एका क्लासवर लावलं तरी तो लिसनर अख्ख्या सुईटला लागू होतो. शिवाय आयटेस्टलिसनरमधलं ‘ऑन-स्टार्ट’ हे प्रत्येक टेस्टसाठी नसून एक्सएमएलमधल्या टेस्ट टॅगसाठी आहे. नावावर जाणाऱ्याची इथे हमखास फसगत.

टेस्ट पॅरलल, म्हणजे एकाच वेळी अनेक, चालवणाऱ्यांनी सुरुवातीच्या वेळा साध्या हॅशमॅपमध्ये ठेवू नयेत. कॉन्करन्ट मॅप घ्यावा आणि किल्ली युनिक आयडीची ठेवावी, कारण डिस्प्ले नावं बिनदिक्कत सारखी असू शकतात. मेव्हनच्या शुअरफायर प्लगिनमध्ये फोर्ककाउंट एकाहून जास्त केला, की प्रत्येक जेव्हीएममध्ये (जावा चालवणाऱ्या प्रोसेसमध्ये) स्वतंत्र लिसनर उभा राहतो. सगळे जण एकाच फाइलवर रिपोर्ट लिहितात आणि शेवटच्याचं खरं ठरतं. फाइलच्या नावात फोर्कचा नंबर घालावा.

एवढं झाल्यावर बिफोर-ऑलमध्ये मुद्दाम एक्सेप्शन फेकणारा एक टेस्ट क्लास लिहावा, बिल्ड चालवावं आणि लिसनर बोंब मारतो का ते बघावं. बोंब ऐकू आली की तो क्लास मर्ज करायच्या आधी काढून टाकावा. तो विसरून घरी गेलात, तर रात्रीच्या बिल्डला लिसनर पहिल्यांदाच एकही चूक न करता काम करील, आणि निरोप थेट मॅनेजरला जाईल.