शांत सायलेन्सर मिळेल का हो?

रविवारी सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज पडला, "काही सभासदांनी आपल्या वयाला शोभेल असे वाहन चालवावे." नाव घेतलं नव्हतं. पण खाली चौघांनी हात जोडले आणि एका बाईंनी सरळ विचारलंच, बी विंगची ती लांबडी चकचकीत गाडी ना? हो तीच, माझीच. २०१६ ची अव्हेंजर क्रूझ बाईक. वय ४७, आणि ग्रुपवर आता मी टवाळ पोरगा.

खरी गोष्ट अशी की आवाज वाढावा म्हणून मी गाडीला काहीही बसवलेलं नाही, सायलेन्सर खालून कुजलाय. मेकॅनिकनं स्क्रू ड्रायव्हर टोचला तर तो आरपार गेला आणि आतून चहाच्या भुकटीसारखा गंज सांडला. म्हणे लिटरभर पेट्रोल जळलं की जवळपास लिटरभर पाणी वाफ होऊन निघतं, तुमचं ऑफिस ४ किलोमीटरवर, सायलेन्सर नीट तापायच्या आत गाडी बंद, मग ते पाणी आतच बसतं आणि पत्रा खातं. म्हणजे ऑफिसजवळ घर घेतलं हीच चूक. त्या चुकीचे हप्ते अजून चालू आहेत, ते जाऊ दे.

तर पुण्यातली नाना पेठ, गाड्यांच्या पार्ट्सचा बाजार. दुकानात छताला मांडवावरच्या दुधीसारखे सायलेन्सर लटकलेले.

"कसा पाहिजे शेठ?"

"शांत."

मिसळीच्या दुकानात जाऊन बिनतिखट मागावी तसं बघितलं त्यानं. "शांत तर नाही, इंदोरी आहे, मोठ्या आवाजाचा. बुलेटचा आहे, पण वेल्डिंग मारून बसवून देतो." आणि मी काही बोलायच्या आत आवाज काढून दाखवला, तोंडानं. "धाड धाड धाड धाड!"

शेजारी एक काका स्कूटरची ब्रेक केबल घ्यायला आले होते, हातात पिशवी, पिशवीतून गवार डोकावतेय. ते म्हणाले, "इंदोरी असा नाही वाजत."

"काका, २० वर्षं विकतोय."

"मी ३० वर्षं टूलरूममध्ये काढलीत." आणि त्यांनी पिशवी काउंटरवर ठेवली, चष्मा काढून खिशात घातला, डोळे मिटले, एक हात पोटावर. "डग्ग... डग्ग... डग्ग..." मधली शांतता सुद्धा मोजून. गाल थरथरत होते. दुकानातला पोरगा नटबोल्ट मोजायचा थांबला. बाहेर रिक्षावाल्यानं मान आत घातली. दुकानदाराला काही राहवेना, त्यानं परत धाड धाड सुरू केलं, काकांनी डोळे न उघडताच रेस वाढवली, मग रेस सोडताना फुटणारे फटाके सुद्धा काढले, फट्, फट्फट्. त्यात थोडी थुंकी माझ्या बाहीवर आली.

"काकांचा ओरिजिनल वाटतोय," पोरगा म्हणाला. मालकानं त्याच्याकडे असं बघितलं की बिचारा पुन्हा एकपासून बोल्ट मोजायला लागला.

मी म्हटलं, अहो पण मला शांत...

"तुम्ही थांबा हो," काका म्हणाले. "जुन्या साडेतीनशे बुलेटचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, ९० मिलीमीटरचा, फ्लायव्हीलचं चाक जड, म्हणून ती डगडग. ह्यांच्या गाडीचा स्ट्रोक जेमतेम ६२. हिला इंदोरी लावलात तर डबा गडगडत गेल्यासारखं वाजेल. आणि ह्या सीसीला मर्यादा ८० डेसिबल, ती ओलांडणार." मी मनात काकांच्या पाया पडलो. तेवढ्यात ते माझ्याकडे वळून म्हणाले, "आणि शांतच पाहिजे होती तर स्कूटर घ्यायची. ही असली पाय पसरून बसायची गाडी ह्या वयात कशाला?"

पुन्हा वय. ह्या माणसानं नुकतेच भर दुकानात तोंडानं फटाके फोडलेत!

मी दुकानदाराला विचारलं, पोलीस जप्त करून रोडरोलर फिरवतात ना ह्या सायलेन्सरांवर? "फिरवतात की," तो खुशीत म्हणाला, "पोरं परत आमच्याकडेच येतात."

इथे मात्र माझं डोकं सटकलं, ते अजून जागेवर आलेलं नाही. बोंबलणारा सायलेन्सर दीड हजारात, लगेच, फिटिंगसकट. गप्प बसणारा कंपनीचा हवा तर त्याच्या तिप्पट, ॲडव्हान्स भरा आणि आठ दिवस थांबा. रात्री साडेअकराला आमच्या चौकातून जी पोरं फटाके फोडत जातात त्यांना ग्रुपवर कोणी वय विचारत नाही, कारण ती ग्रुपवर नाहीत. मी मेंटेनन्स भरतो, म्हणून मी सापडतो.

भरला ॲडव्हान्स. तोवर रोज सकाळी गाडी बंदच ठेवून हातानं ढकलत गेटबाहेर, पार दूध डेअरीपर्यंत नेतो आणि तिथे चालू करतो. दीडशे किलोची गाडी आहे. स्कूलबसला थांबलेली पोरं रोज विचारतात, "काका, पेट्रोल संपलं?" वॉचमन पहिल्या दिवशी धक्का द्यायला आला होता, आता नुसता बघतो.

काल नववा दिवस. फोन करावा म्हणून पावती काढली, तर नंबरच्या वर निळ्या पेनानं लिहिलंय: सायलेन्सर, इंदोरी, १ नग.

दुकानदार फोन उचलत नाहीये.