हलकंफुलकं काहीतरी

कोल्हापुरात प्यायची वस्तू हलकी असून चालत नाही. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर म्हशीची धार समोर काढून फेसासकट पेला हातात देतात, आणि तो रिचवून माणूस घरी जाऊन व्यवस्थित जेवतो. तालमीतली थंडाई म्हणजे बदाम, खसखस, बडीशेप, मिरी यांचा घोटून घोटून केलेला ऐवज. शाहू महाराजांनी बांधलेलं खासबाग मैदान 1912 पासून उभं आहे. तिथं उतरलेले मल्ल काही लिंबूसोड्यावर पोसलेले नव्हते. फळांच्या कॉकटेलचंही तेच. उंच काचेचा ग्लास, तळाला फळांचे तुकडे, मग जेली, मग आइस्क्रीम, परत फळं, परत आइस्क्रीम, वर काजू आणि सगळ्यात वर लाल चेरी. त्यात स्ट्रॉ घातली तर ती नुसती उभी राहते. लांब दांड्याचा चमचा लागतो, आणि खाऊन झाल्यावर बसायला जागा.

अशा गावात मे महिन्याच्या सुट्टीत आमचे पुण्याचे साडू आले आणि म्हणाले, "रविवारी सगळे जमणारच आहेत, तर या वेळी काहीतरी लाईट करू या. रिफ्रेशिंग."

त्यांच्याकडं पाककृती तयार होती. मोसंबीचा रस, अननसाचा रस, पुदिन्याची चुरगळलेली पानं, काळं मीठ, लिंबाच्या चकत्या, वरून सोडा आणि ग्लास भरेल इतका बर्फ. खरं सांगायचं तर पाककृतीत काही खोट नव्हती. नमुन्याचा ग्लास मी प्यालो, मला आवडला. मग तो आईपुढं ठेवला. आईनं आत वाकून पाहिलं, लिंबाची चकती बोटानं बाजूला केली आणि विचारलं, "हे काय, हात धुवायला दिलंय?"

यात तिचा दोष नाही. तिनं लिंबाची चकती पाण्यावर तरंगताना पाहिली आहे ती हॉटेलात मटणाचं ताट संपल्यावरच.

तडजोड अशी ठरली की साडूंनी त्यांचं करावं आणि आईच्या देखरेखीखाली आमचं कोल्हापुरी कॉकटेलही व्हावं. तडजोड बायकोनं सुचवली होती, म्हणजे कामं माझ्या वाट्याला आली.

सकाळी कपिलतीर्थ मार्केटात आईबरोबर फळं आणायला गेलो. साडूही आले, कारण त्यांना संत्री हवी होती. मे महिन्यात संत्री मागणाऱ्या गिऱ्हाईकाकडं फळवाल्या मावशींनी जरा काळजीनं पाहिलं. "पाव्हणं कुठलं?" त्यांनी आईलाच विचारलं. "पुण्याचं," आई म्हणाली. मावशींनी काही न बोलता मोसंबी तोलली. द्राक्षांचीही तीच गत. तासगावकडची द्राक्षं एव्हाना बेदाणा होऊन पेटीत बसलेली असतात, आणि उरलेली आंबट-ढोण. चिकू, डाळिंब, केळी, सफरचंद, अननस मिळाले. आंब्यापाशी मात्र आई थांबली ती थांबलीच. पेटीवर देवगड लिहिलं होतं. कोकणच्या हापूसला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण कर्नाटकातला आंबा घाटाखालचं नाव लावून कोल्हापुरात यायचा काही थांबला नाही. आईचं मानांकन देठाशी असतं. एकेक आंबा उचलून ती देठाजवळ हुंगत होती आणि काही न बोलता परत ठेवत होती. अर्ध्या पेटीचा वास घेऊन झाल्यावर म्हणाली, "ह्यातलं चारच गाववालं हायत." ते चार घेतले. मावशींनी भाव कमी केला नाही, पण ओळख पटल्यासारखं हसल्या.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. घरात याचा कुणाला उपयोग होत नाही, तरी मी बोलतो. अननस चिरायला घेताच मी म्हणालो की कच्चा अननस थेट दुधात घालू नका. त्यात ब्रोमेलेन नावाचं विकर असतं, ते दुधातली प्रथिनं तोडतं. दूध फाटतं नाहीतर कडू होतं. जिलेटिनची जेलीही त्याच्या सहवासात धरत नाही. तुकडे साखरेच्या पाकात चार-पाच मिनिटं उकळले की विकर मरतं, मग खुशाल घाला. आणि सफरचंदाला, केळ्याला लिंबू चोळा, म्हणजे काळी पडणार नाहीत.

"ऐकलं," साडू म्हणाले. ऐकलं म्हणजे आवाज कानावर आला. मी चिकूच्या बिया काढत होतो तेवढ्यात त्यांनी अननसाचे ताजे तुकडे आटवलेल्या दुधाच्या अर्ध्या पातेल्यात सोडले, मदत म्हणून. तासाभरानं आईनं चमचा जिभेला लावला आणि कडुलिंब चाखल्यासारखा चेहरा केला. "मास्तर सांगत हुता," ती साडूंना एवढंच म्हणाली. एकोणीस वर्षांच्या नोकरीत माझ्या विषयाला मिळालेली ही पहिली दाद.

उरलेल्या दुधात भागवायचं ठरलं. जेली मी चायना ग्रासची केली. ती समुद्री शेवाळापासून येते, तिच्यात प्रथिनं नसतात, त्यामुळं अननस तिचं काही वाकडं करू शकत नाही. लाल, हिरवी, पिवळी अशा थाळ्या मांडल्या. आइस्क्रीमचे मोठे डबे फ्रीजरमध्ये, साडूंचा 2 किलो बर्फ थर्मासच्या पेटीत, ग्लास पुसून ओळीनं. दुपारी चारला गोतावळा यायला लागला. आत्या, मामा, त्यांची मुलं, मुलांचे मित्र, आणि शेजारच्या काकू, ज्या "मी नुसतं बघायला आलो" असं म्हणत पहिल्या खुर्चीवर बसल्या.

सव्वाचारला जोतिबाच्या बाजूनं आभाळ काळं झालं. वारं सुटलं, गच्चीवरचे कपडे आणि कुरडया गोळा करायला सगळ्या बायका वर धावल्या, आणि वळीव कोसळला. पाचव्या मिनिटाला लाईट गेली.

ज्यांनी कोल्हापुरात मे काढला आहे त्यांना पुढचं सांगायला नको. दिवसभर अंगाची लाही होते, आणि गार काहीतरी करून ठेवावं तर नेमक्या वाढायच्या वेळी हवा अशी गार होते की माणसं चहा आणि भजी मागतात. मामांनी मागितलीच. "कांदा हाय काय घरात?" ते म्हणाले. बायकोनं त्यांच्याकडं जे पाहिलं त्यानंतर कांद्याचा विषय परत निघाला नाही.

प्रश्न आइस्क्रीमचा होता. लाईट कधी येईल याचा भरवसा नाही, आणि फ्रीजर सारखा उघडून "वितळलं काय" हे बघणारी सहा मुलं. मी काही सुचवायच्या आत आईनं साडूंची बर्फाची पेटी ओढली, बर्फ कापडात गुंडाळून वरवंट्यानं फोडला, मोठ्या पातेल्यात ओतला, त्यावर मुठीनं खडे मीठ टाकलं आणि आइस्क्रीमचे डबे त्यात गळ्यापर्यंत बसवले. पूर्वी घरी पॉट फिरवून आइस्क्रीम करायची तेव्हाची तिची ही विद्या. मिठानं बर्फाचं तापमान शून्याच्या बरंच खाली जातं, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहितो. फोडताना मला कुणी बोलावलं नाही.

"अहो पण माझा बर्फ..." साडू म्हणाले.

"पाव्हणं, तुम्ही बसा. मी बघतो," आई म्हणाली.

तरी आइस्क्रीम किती वेळ टिकणार? म्हणून हुकूम सुटला की आहे ते सगळं आत्ताच संपवायचं. मेणबत्तीच्या उजेडात थर रचले गेले. कुठं जेली खाली, कुठं चेरी मधेच गडप, एका ग्लासात काजूच काजू, तो कुणाला गेला हे आत्याला माहीत आहे. कुणालाही "नको" म्हणायची सोय नव्हती. "अर्धाच द्या" म्हणणाऱ्याला आई पूर्ण भरून देत होती आणि "बास" म्हणणाऱ्याला दुसरा. शेजारच्या काकूंनी बघता बघता दोन संपवले. साडूंना तिसरा ग्लास मिळाला तो नाराजी काढायला, आणि त्यांनी तो भिडेखातर खाल्ला. निदान पहिला अर्धा भाग भिडेखातर. मग चमच्याचा आवाज बराच वेळ तळाशी येत होता.

त्यांचं ते पेय ओट्यावर कळशीत तसंच राहिलं. बर्फाविना, सोडा उडालेला, वर पुदिना.

साडू पाच वाजता सोफ्यावर जे कलंडले ते लाईट आली, पंखा फिरला, पोरं किंचाळली, तरी उठले नाहीत. रात्री साडेनऊला तांबडा-पांढरा उकळला, ताटं मांडली, तेव्हा मेहुणीनं त्यांना हलवून उठवलं. रश्श्याचा वास नाकात गेला तसा त्यांनी पोटावर हात ठेवला आणि माझ्याकडं पाहून हळूच विचारलं, "ते लिंबाचं उरलंय का हो थोडं?"

मी तांब्या भरून आणला. आईनं तो मधेच माझ्या हातातून घेतला, त्यात चिमूटभर ओवा टाकला, ढवळला आणि त्यांच्यापुढं ठेवला.

"हां, आता प्या," ती म्हणाली. "आणि मग जेवाय बसा."