‘रेग्युलर एक्स्प्रेशन मराठीवर चालत नाही’? म्हापशापासून तपासू

गोव्यातल्या मराठी ग्रुपांवर एक फॉरवर्ड फिरतंय. त्याचं म्हणणं असं: रेग्युलर एक्स्प्रेशन (ठरावीक शब्दाऐवजी चिन्हांचा नमुना देऊन मजकूर शोधायची पद्धत) मराठीवर चालत नाही, ते प्रोग्रॅमर लोकांपुरतंच आहे, सामान्य माणसाच्या डोक्यात शिरत नाही, आणि आता एआय लिहून देतो, तर शिकायचं कशाला?

मराठीचं आधी बघू. उलट साधा शोधच मराठीत तोकडा पडतो. वाचनालयाच्या सभासद-यादीत ‘म्हापसा’ शोधलं तर ‘म्हापशात’ आणि ‘म्हापसेकर’ सुटतात, कारण प्रत्यय लागला की आपल्याकडे गावाचं नावही बदलतं. म्हाप[सश] असा नमुना द्या, तिन्ही रूपं सापडतील. चौकटी कंस म्हणजे यांतलं कुठलंही एक. कुणी ‘मापसा’ लिहिलं असेल तर (म्हा|मा)प[सश]. उभी रेघ म्हणजे ‘किंवा’. गोव्याचे पिनकोड ४०३ने सुरू होतात, तेव्हा ४०३[०-९][०-९][०-९] लिहिलं की देवनागरीतले पिनकोड निघतात. मोबाइल नंबराच्या पोटातला ४०३सुद्धा निघेल म्हणा. ओळीत फक्त पिनकोडच हवा असेल तर आधी ^ (ओळीची सुरुवात) आणि शेवटी $ (ओळीचा शेवट) लावा.

या मुद्द्यात थोडं तथ्य मात्र आहे. टिंब म्हणजे ‘कोणतंही एक अक्षर’ असं शिकवतात, आणि आपल्या लिपीत ते फसवं ठरतं. ‘गोवा’ ही आपल्याला दोन अक्षरं, संगणकाला चार: ग, त्याची मात्रा, व, काना. म्हणून ^..$ ला गोवा सापडत नाही, ^....$ ला सापडतो. पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या अंगभूत मॉड्यूलमधलं ‘शब्दातलं अक्षर’ हे तयार चिन्ह तर काना-मात्रांना अक्षरच मानत नाही. ‘गोवा’चे सरळ ‘ग’ आणि ‘व’ करून हातात देतं. ‘किनाऱ्यावर’मधला ऱ्या दोन तऱ्हांनी टाइप होतो, दिसतो एकच, शोधात वेगळा. डोकेदुखी आहेच, पण ती युनिकोडची (संगणकात अक्षरं साठवायच्या पद्धतीची) आणि त्या त्या साधनाची.

‘प्रोग्रॅमर लोकांपुरतंच’? मूळ कल्पना स्टीफन क्लीनी या गणितज्ञाची, १९५०च्या दशकातली. केन थॉम्पसन या संगणकतज्ज्ञाने १९६८ साली ती मजकूर शोधायला कशी वापरायची ते मांडलं. आज लिबरऑफिस रायटर या लेखनाच्या सॉफ्टवेअरच्या ‘शोधा आणि बदला’मध्ये रेग्युलर एक्स्प्रेशनपुढे एक खूण केली की झालं.

डोक्यात न शिरण्याचं म्हणाल, तर वर आलेल्या चिन्हांवर यादीचं बरंचसं काम भागतं. अडखळायला होतं ते .* पाशी. टिंबापुढे चांदणी म्हणजे ‘कितीही अक्षरं’, आणि कंसाआधी \ म्हणजे मजकुरातला खराखुरा कंस. ‘अस्नोडा (बार्देश), मेरशी (तिसवाडी)’ या ओळीतून तालुके काढायला \(.*\) लिहिलं, तर पहिल्या कंसापासून शेवटच्या कंसापर्यंतचं सगळं एकदम येतं, मधल्या मेरशीसकट. चांदणी हावरी असते. तिच्यापुढे प्रश्नचिन्ह ठेवलं, \(.*?\), की ती जवळच्या कंसाशी थांबते.

राहिला एआय. नमुना तो देतो, पण तुमच्या यादीत काय सापडायला नको हे त्याला सांगणार कोण? ‘पणजी’ शोधताना शहराबरोबर कुणाच्या तरी आजीची आईही निघते. आणि चुकीचा नमुना फक्त चुकीचं शोधतो असंही नाही. २ जुलै २०१९ रोजी क्लाउडफ्लेअर या इंटरनेट कंपनीच्या सुरक्षा-नियमांत असाच एक नमुना गेला. .*.* या जोडीमुळे संगणक त्याच मजकुराच्या विभागण्या पुन्हा पुन्हा करून पाहत बसले आणि त्या कंपनीवर विसंबलेल्या असंख्य साइट सुमारे २७ मिनिटं कोलमडल्या. तो नमुना जाणकारांनी लिहिलेला होता. एआयच्या उत्तरात तशी जोडी दिसली, तर तो नमुना आधी एखाद्या लांबलचक, न जुळणाऱ्या ओळीवर चालवून बघा.