आयत्या वेळचे विषय

आमच्या सोसायटीच्या नोटीस बोर्डाला काच आहे, काचेला कुलूप आहे आणि कुलपाची किल्ली सेक्रेटरींच्या कमरेला आहे. आत अगदी मधोमध एक नोटीस आहे: बोर्डावर कोणीही परस्पर नोटीस लावू नये.

बाकीच्या नोटिसा तिच्या आजूबाजूला दाटीवाटीने राहतात. प्रत्येकीला जावक क्रमांक, खाली गोल शिक्का, शिक्क्याच्या पोटात सेक्रेटरींची सही आणि सुरुवातीला ‘सर्व सभासदांस याद्वारे सूचित करण्यात येते की’. लिफ्टमध्ये मोबाइलवर मोठ्याने बोलू नये. पार्किंगमध्ये गाडी धुवू नये. धुवायचीच झाल्यास सकाळी सातच्या आत धुवावी, मात्र सातच्या आत पंप चालू नसतो याची नोंद घ्यावी. ग्रिलबाहेर चादरी वाळत घालू नयेत, त्यामुळे इमारतीच्या बाह्य सौंदर्यास बाधा येते. या बाह्य सौंदर्यात गळक्या पाइपांच्या खाली उमटलेले हिरवे पट्टे आहेत आणि चौथ्या मजल्याच्या भेगेतून डोकावणारा एक पिंपळ आहे. पिंपळ सभासद नसल्यामुळे त्याला नोटीस काढता येत नाही.

नियम हवेतच, हे मी आधीच सांगून टाकतो. महाराष्ट्रात लाखाहून जास्त गृहनिर्माण संस्था आहेत. तिथल्या सगळ्या माणसांनी आपापल्या मनाने वागायचं ठरवलं, तर लोकांना गावाकडे परत जावं लागेल. राज्य स्थापन झालं त्याच 1960 सालाचं नाव लावणारा महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम आपल्याकडे आहे, म्हणजे एकत्र राहिलो की भांडणार हे आपण अगदी सुरुवातीलाच ओळखलं होतं.

पण मग चपलांची नोटीस आली.

‘सदनिकेबाहेरील सामायिक जागेत कोणतीही वस्तू ठेवल्यास प्रति वस्तू प्रतिदिन 50 रुपये दंड आकारण्यात येईल.’ चपलांचा जोड ही एक वस्तू की दोन, या प्रश्नावर कमिटीचं मत दोन असं पडलं. कारण दिलं होतं आगीचं, आणि ते खोटं नाही. आग लागली तर जिन्याची वाट मोकळी पाहिजे, 2006 चा आग प्रतिबंधक कायदा आहे, सगळं कबूल. फक्त आमच्या जिन्याखाली गणपतीचं जुनं मखर, तीन पायांच्या खुर्च्या, मांडवाचं कापड आणि थर्माकोलचा एक अख्खा राजवाडा ठेवलेला आहे. त्याबद्दल विचारलं तेव्हा कळलं की ती ‘वस्तू’ नव्हे, ‘संस्थेची मालमत्ता’ आहे.

नियम लागू झाला आणि आमच्याकडे सत्यनारायण आला.

पाहुण्यांना फोन करून सांगून ठेवलं होतं, की चपला दाराबाहेर काढा आणि हातात घेऊन आत या. आतल्या खोलीत वर्तमानपत्रं पसरली होती. लोक एका हातात नारळ आणि एका हातात चपला घेऊन येत होते आणि नमस्कार कसा करावा या पेचात दारातच थबकत होते. मावशीने मात्र साफ नकार दिला. “पूजेच्या घरात चपला? मी नाही बाई आणणार. दंड माझ्या नावावर लाव.” तिने त्या भिंतीलगत नीट जोडून ठेवल्या आणि आत येऊन बसली.

आरती संपायच्या आत सोसायटीच्या ग्रुपवर फोटो आला. काळ्या चपला, डावीचा अंगठा मोच्याने पांढऱ्या दोऱ्याने शिवलेला, भोवती लाल वर्तुळ. वर्तुळ पुरेसं वाटलं नसावं म्हणून एक बाणही. खाली ‘302. कृपया नोंद घ्यावी.’ त्याखाली सात-आठ अंगठे, आणि ग्रुपवरचं काहीही न वाचता उत्तर देणाऱ्या एका सभासदांचं ‘हार्दिक अभिनंदन’.

थोड्या वेळाने सेक्रेटरी प्रसादाला आले. शेजारधर्म वेगळा आणि संस्थेचं काम वेगळं, असं ते मानतात. मी त्यांना बसायला पाट दिला आणि काहीतरी निमित्त काढून घाईने बाहेर डोकावलो. मला त्यांच्या चपला बघायच्या होत्या. मोबाइलसुद्धा हातात तयार होता. बाहेर काही नव्हतं. आतल्या वर्तमानपत्रांवरही त्यांचं काही नव्हतं. हा माणूस पाचव्या मजल्यावरून अनवाणी उतरून आला होता.

प्रसाद खाऊन त्यांनी तुपाचं मनापासून कौतुक केलं. जाताना तळवे आमच्या पायपुसण्यावर पुसले, मग त्या पायपुसण्याकडे बराच वेळ बघितलं आणि हळूच म्हणाले, “हे तेवढं आत घेता आलं तर बघा.”

आमची खरी अडचण ही आहे. सेक्रेटरी लबाड असते तर सगळं सोपं झालं असतं. मेहुण्याला रंगकामाचं कंत्राट दिलं असतं, स्वतःची गाडी दोन जागा अडवून लावली असती, तर आम्ही जिन्यात उभं राहून सुखाने कुजबुजलो असतो. पण ते एक पैसा घेत नाहीत. त्यांच्या मुलाची स्कूटर पिवळ्या पट्ट्याच्या चार बोटं बाहेर आली, तर त्यांनी खजिनदारांना टेप घेऊन बोलावलं, मापं घेतली, मुलाच्या नावाची पावती फाडली आणि तिची एक प्रत बोर्डावर लावली. काचेच्या आत. कुलूप लावून.

महिनाअखेरीला मेंटेनन्सच्या बिलात ‘इतर आकार: 100’ अशी ओळ आली. मग मी उपविधींची, म्हणजे सोसायटीच्या कारभाराच्या नियमांची, पुस्तिका मिळवली. 2014 च्या आदर्श उपविधी, बारीक टाइप, मूळव्याध झालेल्या माणसाने बसून लिहिली असावी अशी भाषा. पण वाचता वाचता मी चाट पडलो. पुस्तिका चक्क मायाळू निघाली! जिथे तिथे सभासदाला पाठीशी घातलेलं. भाडेकरू ठेवला तर नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपुढे नाहीत. फ्लॅट विकला तर हस्तांतरणाचा प्रीमियम 25,000 रुपयांच्या वर नाही. थकबाकीवर व्याज लावा, पण सरळव्याज, आणि तेही 21 टक्क्यांच्या आत. आणि दंड? दंड ठरवायचा तो सर्वसाधारण सभेने, कमिटीने नव्हे. त्याआधी कारणे दाखवा नोटीस, मग सभासदाचं म्हणणं ऐकणं, आणि आर्थिक वर्षात 5,000 रुपयांची कमाल मर्यादा. चादरीबद्दल, मोबाइलबद्दल, मावशीबद्दल अक्षर नाही.

पुस्तिका काखेत मारून मी पाचव्या मजल्यावर गेलो. हो, चपला हातात घेऊन.

मी एका दमात सगळं म्हणून दाखवलं. सेक्रेटरी रागावले नाहीत. त्यांचा चेहरा उजळला. आजवर एकाही सभासदाने ही पुस्तिका उघडली नव्हती, आणि आता कोणीतरी त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलत होतं. त्यांनी मला आत बसवलं, चहा टाकायला सांगितला आणि इतिवृत्ताची वही काढली.

“बरोबर आहे तुमचं. दंडाचा अधिकार सभेचाच. म्हणून तर गेल्या सभेत ठराव झाला. हे बघा, सर्वानुमते.”

“उपस्थित किती होते?”

“सात.”

“कमिटी कितीजणांची आहे?”

“सात,” ते समाधानाने म्हणाले.

मग त्यांनी मला तहकूब सभेचं शास्त्र समजावलं. सभेला गणपूर्ती लागते: एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा 20, यांतला जो आकडा लहान असेल तो. तेवढी माणसं अर्ध्या तासात जमली नाहीत की सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीचं बंधन नसतं. नोटिशीच्या तळाशी हे दर वर्षी छापलेलं असतं. “लोक येत नाहीत हो,” ते खिन्नपणे म्हणाले. ती खिन्नताही खरी होती. माझ्या बाबतीत कारणे दाखवा नोटीस द्यायची राहून गेली, हा दोष त्यांनी तिथल्या तिथे मान्य केला, बिलातली ओळ खोडली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मला रीतसर कारणे दाखवा नोटीस आणून दिली.

वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते, त्यामुळे सप्टेंबरातल्या एका रविवारी दहा वाजता गच्चीवर आम्ही नऊजण खुर्च्यांवर बसलो. कमिटीचे सात, मी, आणि घरात रंगकाम चालू असल्यामुळे बसायला जागा नसलेले एक काका. अर्धा तास कोणी काही बोललं नाही, कारण सभा अजून सुरू झाली नव्हती. साडेदहाला सेक्रेटरींनी घड्याळ बघून सभा तहकूब केली. मग त्याच खुर्च्यांवर, त्याच माणसांची तहकूब सभा सुरू झाली.

माझा विषय सहावा. पाहुण्याच्या चपलेची जबाबदारी सभासदावर येते का, यावर सविस्तर चर्चा झाली. येते, असं ठरलं. रंगकामवाले काका म्हणाले की कार्यप्रसंगी तरी सूट द्या. कमिटीने ते मोठ्या मनाने उचलून धरलं आणि सेक्रेटरींनी लगेच ठराव लिहून वाचला: ‘धार्मिक कार्य, बारसे, मयत आदी प्रसंगी पादत्राणांस चोवीस तासांची सूट राहील. मात्र त्यासाठी तीन दिवस आधी लेखी अर्ज करणे आवश्यक.’

मी हात वर केला. “मयताचा अर्ज तीन दिवस आधी कसा करायचा?”

गच्चीवर शांतता पसरली. चेअरमनांनी टाकीकडे बघितलं. खजिनदार विचार करून म्हणाले, “अपेक्षित असेल तर करावा.”

सेक्रेटरींना ते पटलं नाही. नियम माणुसकीला धरून हवा, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी पेनाने दुरुस्ती केली आणि पुन्हा वाचलं: ‘मयताचे प्रसंगी अर्ज नंतर केला तरी चालेल, मात्र विलंबाचे कारण नमूद करावे.’ ठराव मंजूर झाला. तो पूर्वलक्षी प्रभावाने लागू नसल्यामुळे मावशीचे 100 रुपये कायम राहिले.

शेवटी ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’. दिवाळी तोंडावर आहे, तर उंबऱ्याबाहेरची रांगोळी ही वस्तू धरायची का, असा मुद्दा चेअरमनांनीच काढला. खजिनदार म्हणाले, धरायची झाली तर प्रति वस्तू म्हणजे ठिपके मोजायचे की काय? हे मात्र सेक्रेटरींनाही आयत्या वेळी झेपण्यासारखं वाटलं नाही. विषय पुढच्या सभेवर ढकलला, तोवर जैसे थे.

आभार मानून होईपर्यंत समोसे आले. समोशांचा वास पाइपातून खाली गेला असावा, कारण लिफ्ट वर यायला लागली. बी विंगमधल्या काकू आल्या, त्यांच्या मागून त्यांचे मिस्टर, मग पहिल्या मजल्यावरची दोन अख्खी कुटुंबं. सही केल्याशिवाय समोसा मिळत नाही, हा सोसायटीतला सर्वांना पाठ असलेला एकमेव नियम. सगळ्यांनी रांग लावून हजेरीच्या वहीत सह्या केल्या.

सेक्रेटरींनी वही बघितली. पुन्हा बघितली. बोट ठेवून मोजलं.

“वीस,” ते म्हणाले. “गणपूर्ती झाली.”

“म्हणजे आता मूळ सभा घ्यायची?” खजिनदारांनी घाबरून विचारलं.

“बघावं लागेल.” सेक्रेटरींनी चष्मा लावून पुस्तिका उघडली. तोवर समोसे कोणी खायचे नाहीत असं ठरलं. सर्वानुमते.