‘सहानुभूती बाजूला ठेवा’ म्हणणाऱ्या वाचकास

नमस्कार. न्यूझीलंडचा रग्बीपटू जोना लोमू याच्यावरच्या माझ्या लेखाखाली ‘स्पष्टवक्ता’ या नावाने तुम्ही लिहिलंत: “आजारपणाची सहानुभूती बाजूला ठेवली तर लोमू म्हणजे १९९५ चे पाच सामने. बाकी सगळी जाहिरातबाजी. दक्षिण आफ्रिकेविरुद्ध त्याला आयुष्यात एक ट्राय जमला नाही. प्रत्यारोपणाचं सालही चुकलंय. आधी अभ्यास करा, मग लिहा.” (१९९५ चे म्हणजे त्या वर्षीच्या रग्बी विश्वचषकातले. ट्राय म्हणजे समोरच्या संघाच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवून गुण मिळवणं.)

सालाचं मान्य. किडनी प्रत्यारोपण जुलै २००४ मध्ये झालं, मी २००३ लिहिलं होतं. २००३ मध्ये डायलिसिस सुरू झालं, त्या दोन गोष्टींची माझ्याकडून गल्लत झाली. लेखात दुरुस्ती केली आहे. आभार.

पण ‘अभ्यास करा’ हे बोलणं मला लागलं. चूक दाखवायला दोन साधे शब्द पुरतात, त्यासाठी समोरच्याला शाळेच्या बाकावर बसवावं लागत नाही. मी १९९८ पासून ऑकलंडमध्ये राहतो. ३१ ऑक्टोबर १९९९ ला लंडनच्या ट्विकनहॅम मैदानावर विश्वचषकाचा न्यूझीलंड-फ्रान्स उपांत्य सामना झाला, तेव्हा इथे सोमवारची पहाट होती. मला सकाळच्या पाळीला जायचं होतं, तरी तो सामना मी शेवटपर्यंत पाहिला. लोमूने दोन ट्राय केले, त्यातल्या एकात फ्रान्सचे खेळाडू त्याच्या अंगाला लोंबकळत होते आणि तो पुढे जातच होता. तरी न्यूझीलंड ४३-३१ हरलं. त्या दिवशी कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत कुणी कुणाशी धड बोललं नाही. हा माझा अभ्यास. तो तुम्हाला कमी वाटत असेल तर वाटो.

आता तुमचं पहिलं वाक्य. खरं सांगतो, उत्तर लिहायला बसलो ते त्याच्यासाठीच. आजारपण बाजूला ठेवायचं म्हणता, पण ते ठेवणार कुठे? नेफ्रॉटिक सिंड्रोम ही किडनीची व्याधी. लोमूला ती आहे हे जानेवारी १९९७ मध्ये जाहीर झालं, तेव्हा तो २१ वर्षांचा होता. तुमचे ते १९९५ चे पाच सामने आणि सात ट्राय त्याआधीचे. १९९९ च्या विश्वचषकातले आठ ट्राय निदानानंतरचे. एका विश्वचषकात आठ हा आकडा पुढे काही जणांनी गाठला, ओलांडला कुणीच नाही. १९९८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत क्वालालंपूरला सेव्हन्सचं, म्हणजे सात-सात खेळाडूंच्या रग्बीचं, सुवर्णपदक मिळवणाऱ्या संघात तो होता, तेही निदानानंतरच. मग मी सहानुभूती कुठून आणली? आठ ट्राय सहानुभूतीने होत नाहीत, साहेब. समोरचा बचावपटू आजारी माणूस म्हणून टॅकल, म्हणजे धरून खाली पाडणं, सोडत नाही.

माझा थोरला भाऊ चार वर्षं डायलिसिसवर होता. कोल्हापुरातल्या तालमीत घडलेला गडी, मातीत उतरला की चौघांना भारी. त्याला आठवड्यातून तीनदा चार-चार तास यंत्राला जोडलेलं मी पाहिलंय. दंडावरचा फिस्टुला, म्हणजे यंत्राच्या सुयांसाठी शस्त्रक्रियेने जोडलेली शीर, दुसऱ्याच्या नजरेला पडू नये म्हणून तो उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचा सदरा घालायचा. पाणी पेल्याने नाही, घोटाने मोजायचा. घरी आल्यावर माडीच्या अकरा पायऱ्या चढताना दोनदा थांबायचा, आणि थांबलोय हे आम्हाला कळू नये म्हणून भिंतीवरचं कॅलेंडर बघत उभा राहायचा. त्याला किडनी मिळाली नाही.

लोमूला मिळाली. ग्रँट केरेआमा या वेलिंग्टनच्या रेडिओ निवेदकाने ती दिली. तीच किडनी घेऊन डिसेंबर २००५ मध्ये लोमू वेल्समधल्या कार्डिफ ब्लूज या क्लबकडून पुन्हा व्यावसायिक रग्बी खेळला. प्रत्यारोपणाला दीड वर्षही झालं नव्हतं. तो पूर्वीचा लोमू राहिला नव्हता, ते त्यालाही दिसत असणार. पुढे घोटाही मोडला. त्या काळातली त्याची आकडेवारी काढून तो संपला होता असं तुम्ही दाखवाल, ते जमेलही. पण दुसऱ्याची किडनी पोटात घेऊन मैदानात बूट बांधून उभं राहणं हा त्याच्या कारकिर्दीचाच भाग आहे, आणि मी तो लिहिणारच. तुम्हाला त्यात नुसती कीव दिसते, कारण तुम्ही ते यंत्र जवळून पाहिलेलं नाही. हे बोलणं कठोर झालं असेल. मागे घेत नाही.

दक्षिण आफ्रिकेचा मुद्दा खरा आहे. पण ६३ कसोटी सामन्यांत ३७ ट्राय करणाऱ्याला एका संघावरून मोजायचं असेल तर मग बोलणंच खुंटलं. जाहिरातबाजीचं म्हणाल, तर रग्बी युनियन (लोमू खेळायचा तो रग्बीचा प्रकार) अधिकृतपणे व्यावसायिक झालं ऑगस्ट १९९५ मध्ये. १८ जूनला केप टाउनला त्याने इंग्लंडविरुद्ध चार ट्राय केले, ते त्याआधी. इंग्लंडच्या माइक कॅटच्या अंगावरून तो गेला तेव्हा खेळाडूला पगार घेण्याची अधिकृत मुभासुद्धा नव्हती.

तुमची प्रतिक्रिया उडवलेली नाही, उडवणारही नाही. मात्र पुढच्या वेळी खरं नाव घालून लिहा. माझं नाव लेखावर आहे, आणि भावाबद्दल मी आज पहिल्यांदाच इथे लिहिलं आहे.