शनी कुठे शिवायचा?

अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या एलन हार्डिंग बेकर या बाईंनी सूर्यमालेची गोधडी शिवली. तिच्यावर १८७६ साल घातलंय. पण त्यांना ती माझ्यासारखी वेंगुर्ल्यात, भर जुलैत, सासूबाईंच्या देखरेखीखाली शिवायची नव्हती.

अवकाश काळं, आणि आमच्या घरात काळं लुगडं औषधाला नाही. काळं सापडलं ते माळ्यावरच्या मोडक्या छत्र्यांत. कोकणातल्या घरात त्यांचा तुटवडा कधीच नसतो. काड्या काढल्या, कापड जोडलं, मागून पांढरं अस्तर लावलं, तर भोकाभोकांतून तारे आयतेच निघाले. चंद्राला सासऱ्यांचं जुनं धोतर. त्यावरचे काजूच्या बोंडांचे डाग कुठल्याच साबणाला दाद देत नाहीत, ते विवरं म्हणून खपले. सासऱ्यांनी काठीने दक्षिण ध्रुवाजवळची जागा दाखवली आणि २३ ऑगस्ट २०२३ची आठवण करून दिली. तिथे ‘विक्रम’ म्हणून एक टिकली चिकटवली.

आमचे हे गणिताचे मास्तर. “प्रमाणात कर.” पृथ्वी एक सेंटिमीटरच्या बटणाएवढी धरली तर सूर्य १०९ सेंटिमीटरचा, म्हणजे गोधडी संपलीच. शिवाय तो पृथ्वीपासून सुमारे ११७ मीटरवर हवा, म्हणजे शेजाऱ्यांच्या माडाखाली. नेपच्यून सूर्यापासून साडेतीन किलोमीटर, तो तर थेट समुद्रात शिवावा लागला असता. मी ह्यांना सुईत दोरा ओवायला बसवलं.

खरा घोळ शनीने घातला. छान कडी-बिडी लावून ठेवला होता.

“शनी अंगार घेवन निजू काय मी?” सासूबाई.

“मग पायाशी घालते, आई.”

“पाय लागलो म्हणजे?”

शेवटी त्यांनीच तोडगा काढला. “तेंच्या बाजूक घाल.” सासरे पेपरमागे गेले.

२०१३ साली कॅरन नायबर्ग या अंतराळवीर बाईंनी अवकाश स्थानकात ताऱ्याचा एक तुकडा शिवला. तिथे कापड तरंगतं. इथे अस्तर दमट होऊन मांडीवर ठाण मांडतं. चुलीवर दोरी बांधून वाळवलं तरी आडवा पांढुरका पट्टा उगवलाच. “आकाशगंगा काय सुरेख जमलीय!” शेजारच्या काकू म्हणाल्या. बुरशीचं श्रेय मी गुमान घेतलं.

गोधडी संपत आली तेव्हा पुतण्याने विचारलं, “प्लूटो कुठाय?”

“त्याला २००६ मध्ये ग्रहांतून काढलं.”

सासूबाईंनी चष्मा वर केला. “कोणी काढल्यानी?”

“खगोलशास्त्रज्ञांनी. प्रागला मतदान घेऊन.”

“आणि आमका विचारल्यानी?” त्यांनी आपल्या जुन्या खणाचा तुकडा कापला, माझ्या हातातली सुई काढून घेतली आणि म्हणाल्या, “ह्यो माझ्या उशाकडे.”