गाडीवेड्यांना बोलवा, पण नेमकं काम सांगून

नाशिकमधल्या एका सेवाभावी संस्थेने अंधांसाठी कार रॅली घ्यायचं मनावर घेतलंय. गाडी चालवणारा डोळस, शेजारी बसून रस्ता सांगणारा नॅव्हिगेटर दृष्टिहीन. कुठे वळायचं, किती वेगाने जायचं हे सगळं ब्रेलमध्ये, आणि ते कागद फक्त नॅव्हिगेटरच्या हातात. मुंबईत अशा रॅली वर्षानुवर्षं होत आल्यात. संस्थेने स्वयंसेवकांसाठी गावातल्या गाडीवेड्यांच्या ऑनलाइन ग्रुपांना विचारलं आणि तिथून वाद पेटला. एकांचं म्हणणं, रात्री गंगापूर रोडवर सायलेन्सर वाजवणारी ही पोरं, त्यांना अशा कामात आणूच नका, कॉलेजातली एनएसएसची मुलं घ्या. दुसऱ्यांचं रडगाणं, आपल्याकडे फुकट राबायला कुणी येत नाही, तिकडे इंग्लंडात बघा.

मी इंग्लंडातल्या कॉव्हेंट्रीत राहतो, त्यामुळे पहिल्यांपेक्षा दुसऱ्यांच्या म्हणण्याचा मला जास्त राग येतो. इंग्लंडातलंच बघायचं तर नीट बघा. शेजारच्या बर्मिंगहॅममध्ये रस्त्यावर गाड्या पळवणाऱ्यांविरुद्ध काउन्सिलला कोर्टातून मनाई हुकूम आणावा लागला. रात्री रिटेल पार्कात टायर जाळणारी पोरं इथेही आहेत आणि त्यांना वैतागलेले पेन्शनरही आहेत. याच देशात २०१८ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये बर्फाने रस्ते बंद पडले, तेव्हा फोर बाय फोर रिस्पॉन्स या, चारही चाकांना जोर असलेल्या गाड्या बाळगणाऱ्यांच्या संघटनेच्या स्वयंसेवकांनी आपापल्या गाड्या काढून नर्सना आणि डॉक्टरांना ड्यूटीवर पोचवलं. गाडीचं वेड दोन्हीकडे सारखंच. फरक एवढाच, की या दुसऱ्या मंडळींची नावं, गाड्या, लायसन्स आणि कोण कधी मोकळा असतो हे बर्फ पडायच्या आधीच एका यादीत होतं. हॉस्पिटलला फोन कुणाला लावायचा ते ठाऊक होतं.

नाशिकला अशी यादी कुणी केलीय का? ‘सामाजिक कार्यासाठी स्वयंसेवक हवेत, इच्छुकांनी संपर्क साधावा’ एवढा मेसेज टाकला की शंभर अंगठे येतात आणि माणसं चार येतात. मग नाशिककरांना सेवाभावच नाही असा निष्कर्ष निघतो. ज्या गावातून बोलेरो आणि स्कॉर्पिओ देशभर गेल्या, जिथे सातपूर-अंबडच्या कारखान्यांच्या भागात निम्म्या घरांत कुणीतरी पाना हातात धरलेला आहे, त्या गावाबद्दल असं बोलवतं तरी कसं?

आधी काम किती आहे ते मोजा. ४० गाड्यांची रॅली धरू. एकेका मिनिटाने गाडी सुटते, म्हणजे पहिलीनंतर ३९ मिनिटांनी शेवटची. सरासरी वेग ताशी ३६ किलोमीटर ठेवला तर हिशेब सोपा जातो, मिनिटाला ६०० मीटर. सकाळी ७ ला पहिली गाडी सुटली तर ३० किलोमीटरवरच्या चेकपॉइंटला ती ७:५० ला यायला हवी आणि शेवटची ८:२९ ला. त्यावर अर्धा तास सवलतीचा. म्हणजे त्या चेकपॉइंटवरच्या तिघांनी ७:२० ला जागेवर असायचं आणि ८:५९ च्या आत हलायचं नाही. असे सहा चेकपॉइंट धरले तर १८ माणसं. सुटायच्या जागी ८, शेवटच्या जागी १२, पार्किंगला ६, मागून येणाऱ्या दोन स्वीप गाड्यांत ४, निकाल काढायला ४. झाली ५२. राखीव १२ वेगळे, कारण ऐन सकाळी पाचांतला एक येत नाही हे धरूनच चालावं. शिवाय ४० चालक गाडीसकट.

शेवटच्या जागेची १२ माणसं पुष्कळांना जास्त वाटतात. पण गाडीतून उतरलेल्या नॅव्हिगेटरला नाश्त्यापर्यंत न्यायचं असतं, तेही नीट. दंड धरून ओढायचं नाही. आधी स्वतःचं नाव सांगायचं, आपलं कोपर पुढे करायचं, त्यांना धरू द्यायचं आणि अर्धं पाऊल पुढे चालायचं. पायरी आली की ‘पायरी, वर’ किंवा ‘पायरी, खाली’ एवढं मोजकं बोलायचं. हे काम एनएसएसची मुलं उत्तम करतील, त्यांना जरूर घ्या. पण चेकपॉइंट गाडी कळणाऱ्यांकडेच द्या, आणि त्याला कारण आहे.

ही शर्यत नसते. ठरलेल्या वेगाने, ठरलेल्या वेळी पोचायचं असतं. उशीर झाला तर दंडाचे गुण, लवकर पोचलं तर बहुतेक ठिकाणी त्याहून जास्त दंड. सगळं गाडीच्या किलोमीटर दाखवणाऱ्या मीटरवर अवलंबून असतं, आणि मीटर टायरच्या मापावर. कुणी हौसेने ३ टक्के मोठ्या व्यासाचे टायर चढवले असतील तर खरे १० किलोमीटर त्याच्या मीटरवर ९.७ दिसतात. नॅव्हिगेटर ब्रेल वाचून सांगतो ‘१०.० ला डावीकडे’, आणि चालक वळण सोडून ३०० मीटर पुढे जातो. यावर उपाय म्हणून सुरुवातीचे ५ किलोमीटर फक्त मीटर ताडून बघायला ठेवतात. तिथल्या मार्शलला, म्हणजे नेमून दिलेल्या जागी उभ्या स्वयंसेवकाला, ‘माझे ४.८५ दाखवतोय, काय करू?’ याचं उत्तर देता आलं पाहिजे: पुढचा प्रत्येक आकडा ०.९७ ने गुण. टायरवर रात्र रात्र वाद घालणाऱ्या पोराला हे शिकवावं लागत नाही.

आता बोलवायचं कसं. ग्रुपवर परस्पर मेसेज टाकू नका, आधी अ‍ॅडमिनला फोन करा. प्रत्येक ग्रुपात एक-दोघे असे असतात जे रविवारी पहाटे सगळ्यांना मिसळ खायला एकत्र आणतात. तेच खरे कारभारी, मग अ‍ॅडमिन कुणीही असो. त्यांना त्या मिसळीच्या वेळी भेटा, सोबत एक दृष्टिहीन नॅव्हिगेटर न्या आणि ब्रेलचं पान त्या पोरांच्या हातात द्या. नंतर ग्रुपवर जो मेसेज जाईल त्यात तारीख, जागा, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, काम काय आणि माणसं किती हवीत, हे पाचही हवं. ‘गिरणाऱ्याच्या पुढचा चेकपॉइंट, ६:५० ते ९:००, वेळ लिहिणे, ३ जण’ असं लिहिलं की माणूस स्वतःचा रविवार त्यात बसतो का ते बघू शकतो.

फॉर्ममध्ये नाव, फोन, राहण्याचा भाग, गाडी, किती ते किती मोकळे आणि कोणतं काम, इतकंच विचारा. पंधरा प्रश्नांचा फॉर्म लोक मध्येच सोडतात. एक खोड मात्र सगळीकडे दिसते. रॅली म्हटलं की सगळ्यांना गाडी चालवायची असते, चेकपॉइंटवर बसायला कुणी तयार नसतं. त्याला नियम एकच: ज्याला चालक व्हायचंय त्याने मार्शल म्हणून एक माणूस सोबत आणायचा, भाऊ असो, बायको असो, मित्र असो. ४० चालकांमागे ४० मार्शल आपोआप उभे राहतात. उरलेल्या १२ जागा आणि राखीव १२ एनएसएस भरून काढेल. मग दोन बाजूंनी भांडायचं कारणच उरत नाही.

दर सहा-आठ जणांवर एक प्रमुख नेमा आणि त्याचा फोन बाकीच्यांकडे द्या. आदल्या रविवारी प्रत्यक्ष जागेवर तासभर समजावून सांगा. इथे चर्च हॉलमध्ये आदल्या आठवड्याची ब्रीफिंग चुकवली तर हाय-विझ, म्हणजे स्वयंसेवकाचं चमकदार जाकीट, मिळत नाही, तो माणूस कितीही जुना असो. हा कडकपणा नाशिकने खुशाल उचलावा. सूचनांच्या ग्रुपवर फक्त अ‍ॅडमिनच लिहू शकतील असं सेटिंग ठेवा, नाहीतर सकाळी ६ ला ‘शुभ सकाळ’च्या फुलांखाली बदललेला रस्ता गाडला जातो.

घोळ कुठे होतात तेही आधीच कळलेलं बरं. मार्शल स्वतःची गाडी चेकपॉइंटच्या तोंडाशी लावतो आणि येणाऱ्याला थांबायला जागा उरत नाही. ती १०० मीटर मागे, रस्त्याच्या खाली उतरवून लावायची. प्रत्येकाचं घड्याळ वेगळं असतं, म्हणून मनगटी घड्याळ चालत नाही. सगळ्यांनी मोबाइल नेटवर्कच्या वेळेवर ठेवायचे आणि सुटायच्या जागेच्या मोबाइलशी सेकंदाला सेकंद ताडून घ्यायचे. दोन गाड्या बाकी असताना ‘आता कुणी येत नाही’ म्हणून लोक उठतात, पण स्वीप गाडी येईपर्यंत खुर्ची सोडायची नाही. वेळ लिहिली की ती मोठ्याने नॅव्हिगेटरला सांगायची, चालकाला नाही. स्पर्धक नॅव्हिगेटर आहे.

ब्रेलचं पान छापलं की ते वाचून तपासायला ब्रेल येणारा माणूसच लागतो. एक ‘डावीकडे’ चुकलं की ४० च्या ४० गाड्या भलत्याच वाडीत जातील. शेवटच्या आठवड्यात कुणी रस्ता खोदून ठेवला तर पेनाने खाडाखोड करून भागत नाही. दुरुस्तीची वेगळी ब्रेल पट्टी काढून प्रत्येक पानाला जोडावी लागते. म्हणून रस्ता आठवडाभर आधी, दोन दिवस आधी आणि त्याच पहाटे असा तीनदा फिरून बघायचा. मोबाइलची रेंज कुठे जाते तेही पहिल्या फेरीतच टिपायचं. गिरणाऱ्याकडे टोमॅटोच्या हंगामात क्रेटने भरलेल्या पिकअपची रांग लागते आणि श्रावणी सोमवारच्या आसपास त्र्यंबक रोडचं नाव काढू नये.

परवानगी शहर पोलीस आयुक्तालयाची आणि नाशिक ग्रामीण पोलिसांची, दोन्हींची घ्या. हद्द ओलांडली की एकीचा कागद दुसरीकडे चालत नाही. अर्जात वेगाची सरासरी लिहा आणि ही शर्यत नाही हे स्पष्ट लिहा, कारण मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ ने सार्वजनिक रस्त्यावर लेखी परवानगीशिवाय शर्यत किंवा वेगाची चाचणी घेणं गुन्हा ठरतं. विम्याचंही तसंच. खासगी गाडीच्या पॉलिसीत भाड्याने वापर, आयोजित शर्यत, वेगाची किंवा भरवशाची चाचणी (रिलायबिलिटी ट्रायल) वगळलेली असते. तेव्हा कार्यक्रमाचं स्वरूप विमा कंपनीला आधी लेखी कळवून उत्तर हातात घ्या. देणगी घेताना ती अ‍ॅडमिनच्या यूपीआयवर नको, थेट नोंदणीकृत संस्थेच्या खात्यात जाऊ द्या. नोंदणी नसलेल्यांना धर्मादाय कामासाठी वर्गणी गोळा करायची तर आधी धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते.

राहिला सायलेन्सरचा आक्षेप. तो खरा आहे आणि या रॅलीत तर दुप्पट खरा आहे, कारण नॅव्हिगेटर बोटांनी वाचतो आणि कानांनी गाडी ओळखतो. गाडी घोंगावत असेल तर त्याला चालकाचा आकडा ऐकू येत नाही. म्हणून नियम लिहूनच ठेवा: कंपनीचाच सायलेन्सर, काचांना काळी फिल्म नाही (ती तर सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच बंद केली), लायसन्स, विमा आणि पीयूसी चालू असलेले. तपासणी आदल्या रविवारी. ज्याला सायलेन्सर प्यारा असेल तो येणार नाही. जो पाना घेऊन बसेल आणि जुना सायलेन्सर परत लावून येईल, त्याला तुम्ही आजवर नुसती शिवीच दिली होती.

‘तुम्ही तिकडे बसून शिकवता’ हे उत्तर येणार, ते मला माहीत आहे. ते लागतं, कारण त्यात तथ्य आहे. इथल्या कार शोच्या रोटावर, म्हणजे ड्यूट्यांच्या यादीत, माझं नाव पार्किंगच्या रांगेत असतं. मैदानाच्या दुसऱ्या गेटवर उभं राहणारा माणूस म्हणून लोक मला ओळखतात आणि तेवढ्याने या परक्या गावात मला एक जागा मिळाली. नाशिकात घर आहे, शाळा आहे, गोदाघाट आहे, पण मी कोणत्या दिवशी कुठे उभं राहायचं हे ठरवणाऱ्या एकाही कागदावर माझं नाव नाही. गावाशी नातं सांगायला आठवणी पुरतील असं मला पुष्कळ वर्षं वाटत होतं. आता वाटत नाही.

स्वयंसेवक पक्के करायचा शेवटचा फोन आदल्या रात्री करायचा असतो. मेसेज नव्हे, फोनच. ‘उद्या ६:५० ला येताय ना, कुणाबरोबर, कोणत्या गाडीने?’ असं ६४ जणांना विचारायला एकट्याला तीन तास लागतात आणि ऐन आदल्या रात्री संस्थेतल्या कुणाकडेच तेवढा वेळ नसतो. नाशिकचे शनिवार रात्रीचे ८ म्हणजे हिवाळ्यात इथली दुपारची अडीच. फोनची यादी मला पाठवा. जे येत नाहीत त्यांच्या जागी राखीव टाकून ११ वाजता पक्की यादी प्रमुखांच्या हातात देतो.